'खासगी' म्हणजे नेमके कोणाचे? ऑगस्टाचे गोल्फ मैदान आणि महाडचे तळे

गोल्फचा आणि आपला काय संबंध, असे आमचे अनेक तरुण मित्र विचारतील. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या वस्तीतल्या पोरांना क्रिकेट खेळायला रिकामा प्लॉट मिळत नाही, त्यांनी शेकडो एकर हिरवळीवर चालणाऱ्या साहेबी खेळाचा विचार कशाला करावा?

आमचे उत्तर सरळ आहे. आम्हाला चिंता गोल्फची नाही, एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे 'खासगी'. आज आपल्या हक्कांच्या वाटेत जो शब्द सर्वांत जास्त वेळा आडवा येतो, तो हाच. नोकरी खासगी, कॉलेज खासगी, सोसायटी खासगी, दवाखाना खासगी. हा शब्द एकदा उच्चारला की संविधान, आरक्षण, समान संधी हे सगळे दाराबाहेर चपला काढून उभे राहते. या शब्दाचे खरे रूप पाहायचे असेल तर जुन्या, श्रीमंत, परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्या एखाद्या खासगी गोल्फ क्लबाकडे पाहावे. आम्ही निवडला आहे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब. गोल्फ न पाहणाऱ्यांनीही या क्लबाचा हिरवा कोट कुठेतरी पाहिलेला असतो. दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे 'मास्टर्स' ही स्पर्धा होते आणि विजेत्याला तो कोट घातला जातो.

जमिनीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडेही सगळे जमिनीपासूनच सुरू होते. जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर होती त्या काळात, १८५० च्या दशकात, इथे निळीचा मळा होता. मळ्याच्या मालकाने १८५४ मध्ये बांधलेला मोठा वाडा आजही उभा आहे. तोच आज क्लबहाऊस आहे. १८५७ मध्ये ही जमीन बर्कमन्स कुटुंबाने घेतली आणि तिथे फळझाडांची व फुलझाडांची 'फ्रूटलँड' नावाची रोपवाटिका चालवली. १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा अटलांटाचा बॉबी जोन्स आणि न्यूयॉर्कचा पैसेवाला क्लिफर्ड रॉबर्ट्स या दोघांनी ती ३६५ एकरांची जमीन गोल्फसाठी निवडली. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या नामवंत रचनाकाराने जोन्सबरोबर मैदानाची आखणी केली. १९३३ च्या जानेवारीत रीतसर उद्घाटन झाले आणि १९३४ मध्ये पहिली स्पर्धा भरली. तिचे तेव्हाचे नाव होते 'ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन'. म्हणजे निमंत्रितांची स्पर्धा. मित्रांनो, हा 'निमंत्रण' शब्द लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

मैदान सुंदर आहे, यात वाद नाही. अठराही होलांना झाडाफुलांची नावे आहेत. फाटकापासून क्लबहाऊसपर्यंत मॅग्नोलियाच्या जुन्या झाडांची दुतर्फा रांग आहे. पण सौंदर्य हा एक भाग झाला, शिस्त हा दुसरा. तिथे सदस्य होण्यासाठी अर्ज करता येत नाही. बोलावणे आले तर जायचे. सदस्यांची यादी क्लब जाहीर करत नाही. प्रेक्षकाला तिथे प्रेक्षक म्हणत नाहीत, 'पेट्रन' म्हणजे आश्रयदाता म्हणतात. स्पर्धेच्या वेळी त्याने मैदानात धावायचे नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. १९६६ मध्ये टीव्हीवरच्या जॅक व्हिटेकर या समालोचकाने तिथल्या गर्दीला झुंड म्हटले, तर पुढची कित्येक वर्षे त्याला मास्टर्सच्या प्रक्षेपणात जागा मिळाली नाही. कुणी आत यायचे हे तर क्लब ठरवतोच, आत काय बोलायचे हेही तोच ठरवतो. सत्ता म्हणतात ती हीच. बंदुकीची गरज पडत नाही, रिवाज पुरतो.

कुंपण कोणासाठी होते?

आता मुख्य मुद्दा. साधारण समज असा असतो, की गोऱ्यांच्या क्लबात काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. हे अर्धेच खरे आहे. ऑगस्टा नॅशनलमध्ये काळा माणूस पहिल्या दिवसापासून होता. तो स्वयंपाकघरात होता, वाढपी होता आणि मैदानावर कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळाडूची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा, वाऱ्याचा आणि गवताच्या उताराचा अंदाज सांगणारा माणूस. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये प्रत्येक खेळाडूने क्लबाचाच कॅडी घ्यायचा, असा नियम होता. आणि क्लबाचे कॅडी कृष्णवर्णीय होते. त्यातले अनेक जण ऑगस्टातल्या सँड हिल्स या काळ्यांच्या वस्तीतून येत. अंगात पांढरा डगला, डोक्यावर हिरवी टोपी.

आर्नोल्ड पामरने १९५८ ते १९६४ या काळात चार वेळा मास्टर्स जिंकली. चारही वेळा पिशवी नॅथॅनियल एव्हरीच्या खांद्यावर होती. जॅक निकलॉसच्या पहिल्या पाच विजयांत त्याच्याबरोबर विली पीटरसन होता. १९७९ मध्ये फझी झोएलर ऑगस्टात पहिल्यांदाच खेळला आणि पहिल्याच खेपेला जिंकला. त्याला वाट दाखवणारा होता जेरिया बिअर्ड. कोणत्या हिरवळीवर चेंडू कुठे वळतो, हे ज्ञान या माणसांच्या पायांत आणि डोळ्यांत होते. जोन्स आणि मॅकेन्झीच्या नावावर पुस्तके निघाली. एव्हरीच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता.

हे वाचून तुम्हाला गाव आठवले असेल तर ते साहजिक आहे. महार गावाबाहेर राहत होता, पण गावात नव्हता असे कोणी म्हणेल का? तो रोज गावात होता. वेशीवर होता, चावडीपुढे होता, मेलेले ढोर ओढत होता, निरोप घेऊन कोसभर धावत होता. जमिनीच्या हद्दीच्या भांडणात साक्ष त्याची चाले, कारण शिवार त्यालाच ठाऊक. प्रश्न आत येण्याचा कधीच नव्हता. प्रश्न होता कोणत्या नात्याने आत यायचे याचा. कुंपण माणसाला अडवत नाही, ते माणसाचा दर्जा ठरवते. घाम आत यावा, माणूस बाहेर राहावा, अशी ती सोय असते.

आम्ही वंश आणि जात एकच मानत नाही. बाबासाहेबांनीही गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक स्पष्ट मांडला होता. पण अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या निग्रो काँग्रेसच्या अर्जाची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातच तिकडच्या पँथरांची आठवण आहे. तेव्हा ऑगस्टाची गोष्ट आपण वाचावी, यात नवे काही नाही.

खेळता येत होते, खेळू दिले नाही

कुणी म्हणेल, काळ्यांना गोल्फ येतच नसेल. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. 'मेरिट' नावाने तो रोज आपल्यापुढे येतो. १८९९ मध्ये चेंडू ठेवण्याच्या लाकडी टीचे अमेरिकन पेटंट बॉस्टनच्या जॉर्ज ग्रँट या काळ्या दंतवैद्याने घेतले होते. येत नसते तर नियम करून अडवावे का लागले असते? अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीए या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारे कलम होते. चार्ली सिफर्ड लहानपणी कॅडी होता. ते कलम गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर, त्याने १९६७ मध्ये हार्टफर्डची आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली. मास्टर्सचे निमंत्रण त्याला आयुष्यात कधीच आले नाही. कोणी त्याला 'नाही' म्हटले नाही. फक्त 'या' म्हटले नाही. निमंत्रणावर चालणाऱ्या व्यवस्थेचे हेच कसब आहे. तिला नकाराचा कागद मागे ठेवावा लागत नाही.

१९७२ पासून अधिकृत टूरवरची स्पर्धा जिंकणाऱ्याला मास्टर्समध्ये आपोआप जागा, असा नियम आला. मर्जी गेली, निकष आला. त्या निकषावर ली एल्डर आत आला. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या ज्या क्लबात १९६८ मध्ये त्याला आणि इतर काळ्या खेळाडूंना क्लबहाऊसमध्ये जाऊ न दिल्याने गाड्यांच्या तळावर कपडे बदलावे लागले होते, तिथलीच स्पर्धा त्याने १९७४ मध्ये जिंकली. १९७५ च्या एप्रिलमध्ये तो मास्टर्स खेळणारा पहिला काळा माणूस ठरला. जिवाच्या धमक्या येत होत्या म्हणून त्याने ऑगस्टात दोन घरे भाड्याने घेतली होती, कोणत्या घरात आहे हे कळू नये म्हणून. आरक्षणाला शिव्या देणाऱ्यांनी हे नीट पाहावे. दार उघडले ते मन बदलल्यामुळे नाही, नियम बदलल्यामुळे.

एक डॉलरचा भाडेपट्टा

आता 'खासगी' या शब्दाची करामत पाहा. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने होम्स विरुद्ध अटलांटा या खटल्यात महापालिकेची गोल्फ मैदाने काळ्यांना खुली केली. महिन्याभरात, ७ डिसेंबरला, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात डॉ. जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य आणि त्यांचे पाच साथी गिलेस्पी पार्कच्या मैदानावर गेले, पैसे टेबलावर ठेवले आणि खेळू लागले. त्यांना अटक झाली. गुन्हा काय, तर खासगी जागेत घुसखोरी. मैदान बांधले होते सार्वजनिक पैशातून. पण काळ्यांना येऊ द्यावे लागू नये म्हणून शहराने ते वर्षाला एक डॉलर भाड्याने एका क्लबाला देऊन टाकले होते. एका डॉलरात सार्वजनिक मैदान खासगी झाले! पुढे संघीय न्यायालयाने ही चलाखी नाकारली, तर शहराने मैदानच बंद केले. ते १९६२ मध्ये पुन्हा उघडले. काळ्याबरोबर खेळण्यापेक्षा कोणीच खेळू नये, हा तो न्याय.

आणि १९६४ चा प्रसिद्ध नागरी हक्क कायदा? त्याने हॉटेले, खाणावळी, नाट्यगृहे खुली केली. पण त्यातच खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या क्लबांना सूट ठेवली. ऑगस्टा नॅशनल त्या सुटीच्या छायेत निवांत राहिला. त्याची स्पर्धा देशभर टीव्हीवर दिसत होती, तिकिटे विकली जात होती, अध्यक्ष असताना आयझेनहॉवर तिथे सुट्टी घालवत होते. देशाचा राष्ट्राध्यक्ष जिथे मोठ्या कंपन्यांच्या मालकांबरोबर चालतो, ती जागा कुणाच्या घरचे परसदार कशी म्हणायची?

हीच करामत आपल्याकडे अठ्ठावीस वर्षे आधी झाली होती. १९२३ मध्ये बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. मग सनातन्यांनी काय केले? मारहाण केली, गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर ते कोर्टात गेले आणि तिथे त्यांनी काय मांडले, हे आपण कमी सांगतो. त्यांचा दावा असा होता, की हे तळे स्पृश्यांच्या खासगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे. धर्मशास्त्र कोर्टात टिकणार नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी शब्द बदलला. 'विटाळ' ऐवजी 'खासगी'. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. आमच्या मते महाडच्या लढ्याचा हा दुसरा विजय पहिल्याइतकाच मोठा आहे, आणि आजच्या पिढीला तोच जास्त उपयोगी आहे.

दार कोणी उघडले?

ऑगस्टा नॅशनलमध्ये पहिला काळा सदस्य आला १९९० मध्ये, रॉन टाउनसेंड. त्याच वर्षी अलाबामातल्या शोल क्रीक या दुसऱ्या खासगी क्लबाच्या संस्थापकाने, आम्ही काळ्यांना सदस्य करत नाही, असे वर्तमानपत्राला सांगून टाकले. तिथे मोठी स्पर्धा भरणार होती. निषेध झाला, कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि भेदभाव करणाऱ्या क्लबात स्पर्धा भरवणार नाही, असा नियम पीजीए टूरला करावा लागला. सत्तावन्न वर्षे न सापडलेला 'लायक' काळा माणूस ऑगस्टाला काही आठवड्यांत सापडला.

स्त्रियांच्या बाबतीत तेच. २००२ मध्ये मार्था बर्क यांनी विचारले, स्त्री सदस्य का नाहीत? क्लबाचे अध्यक्ष हूटी जॉन्सन यांनी उत्तर दिले, की वेळ आली तर आम्ही ठरवू, संगिनीच्या धाकाने नव्हे. प्रायोजकांवर दबाव येऊ नये म्हणून क्लबाने २००३ आणि २००४ ची स्पर्धा जाहिरातींशिवाय दाखवली. इतका पैसा गाठीशी होता. पहिल्या दोन स्त्रिया आल्या २०१२ मध्ये. त्यातल्या एक कॉन्डोलिझा राइस, ज्या तोवर अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होऊन गेल्या होत्या. देशाचे परराष्ट्र धोरण चालवायला चालतात, क्लबात बसायला त्याहून मोठी लायकी लागते!

आणि कॅडींचे काय झाले? १९८३ च्या मास्टर्सपासून खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणण्याची मुभा मिळाली. तोवर या धंद्यात चांगला पैसा आला होता. बहुतेकांनी बाहेरचे, गोरे कॅडी आणले. ज्यांनी पन्नास वर्षे ते मैदान पायाखाली घातले होते त्यांचे काम एका हंगामात गेले. कार्ल जॅक्सनसारखा एखादा टिकला, ज्याने बेन क्रेनशॉला १९८४ आणि १९९५ मध्ये जिंकून दिले. काम हलके होते तेव्हा ते काळ्यांसाठी 'राखीव' होते. कामाला भाव आला आणि ते 'खुले' झाले. आपल्याकडे चामड्याच्या धंद्यात आणि आता सफाईच्या मोठ्या कंत्राटांत हेच चालले आहे. घाण आपली, कंत्राट दुसऱ्याचे.

१९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वुड्सने बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकली. विजेत्यांच्या मेजवानीत हा काय खायला घालणार यावर तळलेल्या कोंबडीचा वांशिक विनोद केला तो कोणी? त्याच फझी झोएलरने, ज्याला बिअर्डने हाताला धरून जिंकवले होते. पिशवी उचलणारा काळा त्याला चालला. जेवायला घालणारा काळा पचला नाही. आपल्या शाळांतल्या पोषण आहाराच्या बातम्या आठवा.

२०२१ मध्ये क्लबाने ली एल्डरला मानाने सुरुवातीच्या टीवर बोलावले. प्रकृतीमुळे त्याला चेंडू मारता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. क्लबाने त्याच्या नावे शिष्यवृत्त्याही दिल्या. आम्ही याला नाटक म्हणणार नाही. पण सन्मान आणि हक्क यांत फरक आहे. सन्मान देणारा देतो, हक्क घेणारा घेतो.

आपल्या दारातले कुंपण

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला आजच्या १५ व्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक सांगितला. जो कोणी मोबदल्यात लोकांना सेवा देतो तो त्यात येतो, हा त्यांचा आशय. म्हणजे खासगी मालकीच्या जागांनाही समतेचा नियम लागावा, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच वाटेने जाऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही त्या शब्दात धरले. पण त्याच न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली होती. तो प्रश्न एका छोट्या अल्पसंख्य समाजाचा होता, हे मान्य. पण संघटनेच्या स्वातंत्र्याचे ते दार उद्या सवर्णांच्या सोसायट्या वापरणार नाहीत, याची हमी कोण देणार? आज आडनाव विचारून फ्लॅट नाकारणारे कोणते कलम वाचून नाकारतात?

आणि गोल्फच हवा असेल तर दिल्लीला चला. राजधानीच्या मध्यावर, सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या जमिनीवर, दिल्ली गोल्फ क्लब आहे. २०१७ च्या जूनमध्ये मेघालयातली एक खासी स्त्री आपल्या पारंपरिक जैनसेम वेशात तिथे पाहुणी म्हणून जेवायला गेली. ती मोलकरणीसारखी दिसते म्हणून तिला उठायला सांगितल्याची बातमी देशभर गाजली. जमीन जनतेची, टेबल मात्र खासगी.

विरोधक विचारतील, माणसाने कोणाबरोबर बसावे हेही सरकारने ठरवायचे का? नाही. आपल्या घरी कोणाला जेवायला बोलवायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण जिथे कंत्राटे ठरतात, नेमणुका ठरतात, सार्वजनिक जमीन आणि करसवलती वापरल्या जातात, ते घर नव्हे. ती पेढी आहे, दरबार आहे. घराचे स्वातंत्र्य दरबाराला लावता येणार नाही.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे आहे. 'खासगी' हा शब्द ऐकला की मान खाली घालून परत फिरू नका. तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? पैसा कोणाचा? घाम कोणाचा? आपल्या शहरातल्या प्रत्येक जिमखान्याचा, क्लबाचा, खासगी रुग्णालयाचा, शिक्षणसम्राटाच्या संस्थेचा भाडेपट्टा माहितीच्या अधिकारात मागवा. किती एकर, किती वर्षांसाठी, किती रुपयांत, कोणत्या अटींवर, हे लिहून काढा आणि वस्तीत वाचून दाखवा. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी भीक म्हणून नको, या हिशोबाच्या आधारावर करा. सरकारी कारखाने आणि बँका विकल्या जात असताना तर हा हिशोब आणखी तातडीचा आहे. एका डॉलरच्या भाडेपट्ट्याची युक्ती ग्रीन्सबरोत संपलेली नाही.

सिफर्ड आयुष्यभर निमंत्रणाची वाट पाहत राहिला. सिमकिन्सने वाट पाहिली नाही. पैसे टेबलावर ठेवले आणि तो खेळायला लागला. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी आपल्या माणसांनी महाडला कोणाच्या निमंत्रणाशिवाय ओंजळ भरली होती. आपली परंपरा ती आहे.

जय भीम!